रीबिल्डमधल्या संघाचे ट्रेड कसे आखावेत: वहीपासून डेडलाइनच्या रात्रीपर्यंत

चवथ आटोपली की गोव्यातल्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघणाऱ्यांच्या मॉक, म्हणजे लुटुपुटीच्या, लीगची जुळवाजुळव सुरू होते. फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली, जिथे चार बास्केटबॉलवेडे जमतात तिथे प्रत्येकजण एकेक संघ घेतो आणि त्याचा जीएम, म्हणजे संघ बांधणारा व्यवस्थापक, होतो. आमच्या गटात येणारे ट्रेडचे (संघांमधल्या अदलाबदलीचे) प्रस्ताव नियमात बसतात की नाही हे तपासायचं काम माझ्याकडे असतं. किताबासाठी खेळणाऱ्या संघांचे प्रस्ताव बहुतेक नीट असतात. फसतात ते रीबिल्डवाले, म्हणजे जुना संघ मोडून नवा उभारणारे. वॉशिंग्टन, युटा, ब्रुकलिन असा संघ वाट्याला आला की पहिल्याच आठवड्यात सगळ्यात महागडा खेळाडू विकून ‘तीन फर्स्ट’ आणले जातात, म्हणजे ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीतले तीन पिक, निवडीचे हक्क. ते कुणाचे, कोणत्या सालचे, कोणत्या अटीवर, असं विचारलं की उत्तर नसतं.

चूक हिशेबाची कमी आणि क्रमाची जास्त आहे. ‘कोण मिळेल’ हा प्रश्न रीबिल्डमध्ये शेवटी येतो. आपण कोणत्या वर्षी जिंकायला निघालो आहोत, हा पहिला. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

टप्पा १: चार पानं भरा

एक वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. प्रस्ताव पाठवण्याआधी ही चार पानं भरलेली हवीत.

पहिलं पान पगाराचं. प्रत्येक खेळाडूचा पुढच्या चार हंगामांचा पगार, तो पूर्ण गॅरंटीड आहे की नाही, शेवटच्या वर्षाचा ऑप्शन (ते वर्ष चालू ठेवायचं की नाही हे ठरवायचा हक्क) संघाकडे की खेळाडूकडे, आणि ट्रेड किकर आहे का. किकर म्हणजे ट्रेड झाल्यास मिळणारा बोनस. तो उरलेल्या पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि जुळलेलं गणित ऐनवेळी मोडतो. याच पानाच्या डोक्यावर लीगच्या चार रेषा, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादा, लिहा (एप्रन म्हणजे ओलांडली की ट्रेडवर जास्त बंधनं आणणारी रेषा). २०२५-२६ साठी त्या अशा: सॅलरी कॅप सुमारे १५.४६ कोटी डॉलर, लक्झरी टॅक्स १८.७९ कोटी, पहिला एप्रन १९.५९ कोटी, दुसरा एप्रन २०.७८ कोटी. दरवर्षी हे आकडे बदलतात, म्हणून मागच्या हंगामाचं पान पुढे चालवू नका.

दुसरं पान पिक्सचं. पुढची सात वर्षं, प्रत्येक वर्षाच्या दोन फेऱ्या, आपला पिक कुठे आहे आणि दुसऱ्यांचे कोणते आपल्याकडे आहेत. प्रोटेक्शनची अट (पिक अमुक क्रमांकाच्या आत पडला तर मूळ संघाकडेच राहतो) पूर्ण वाक्यात लिहा. ‘टॉप-६’ एवढंच लिहिलं तर अट न सुटल्यास पुढच्या वर्षी काय होतं, ते हमखास विसरायला होतं.

तिसरं पान तारखांचं. उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड करता येत नाहीत, काही १५ जानेवारीपर्यंत. नुकताच ड्राफ्ट झालेला खेळाडू सही केल्यापासून ३० दिवस हलवता येत नाही. ट्रेडमधून आलेल्या खेळाडूचा पगार इतरांच्या पगारात मिळवून पुन्हा ट्रेड करायचा असेल तर साधारण दोन महिने थांबावं लागतं. ट्रेडची डेडलाइन फेब्रुवारीत, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी तीनला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीनंतरचे दीड वाजलेले असतात.

चौथं पान समोरच्यांचं. प्रत्येक संघासमोर दोनच गोष्टी: तो कोणत्या रेषेच्या वर आहे, आणि त्याला कशाची गरज आहे. हे पान बहुतेकजण कोरं सोडतात. पुढे बोलणी अडतात ती त्यामुळेच.

तपासणी: आपल्या संघाच्या २०३० च्या पहिल्या फेरीच्या पिकचं काय झालंय, हे पाच सेकंदांत सांगता येतं का? येत नसेल तर दुसरं पान अपुरं आहे.

टप्पा २: वर्ष ठरवा

वहीच्या वरच्या कोपऱ्यात एक साल लिहा. त्या हंगामात आपला संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, खोलवर जायला हवा. मग प्रत्येक खेळाडूचं आजचं वय न लिहिता त्या सालचं वय लिहा. आज २९ वर्षांचा उत्तम गार्ड चार वर्षांनी ३३ चा असेल. तो कितीही आवडता असला तरी तुमच्या योजनेत तो खेळाडू नाही, किंमत आहे.

ओक्लाहोमा सिटीने जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्ज आणि रसेल वेस्टब्रूक दोघांना सोडलं. २०२०-२१ मध्ये २२ विजय, पुढच्या हंगामात २४, मग ४०, मग ५७ आणि २०२४-२५ मध्ये ६८ विजयांसह अजिंक्यपद. म्हणजे सुरुवातीपासून सहा हंगाम. त्यामुळे दोन वर्षांत रीबिल्ड उरकण्याचे प्रस्ताव माझ्याकडे आले की मी साल पुन्हा लिहायला सांगतो.

सर्वांत महाग चूक इथेच होते: एकाच संघात दोन सालं. टोरांटोने फेब्रुवारी २०२३ मध्ये याकोब पोल्टलसाठी सॅन अँटोनियोला २०२४ चा टॉप-६ प्रोटेक्टेड पिक दिला. तो हंगाम ४१-४१ असा मधल्यामध्ये संपला. त्याच उन्हाळ्यात फ्रेड व्हॅनव्लीट फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून ह्यूस्टनला गेला आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. पुढच्या हंगामात संघाचे मोठे खेळाडू अनुनोबी आणि सियाकम विकले गेले, संघ कोसळला आणि दिलेला पिक आठवा ठरून सॅन अँटोनियोकडे गेला. एकेकटा पाहिला तर यातला प्रत्येक निर्णय समजण्यासारखा आहे. पण पिक विकत घ्यायच्या काळात त्यांनी तो विकला, आणि खेळाडू विकायच्या काळात तो धरून ठेवला.

टप्पा ३: आधी स्वतःचे पिक्स घरी आणा

हरण्याचा फायदा (तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये वरच्या पिकची संधी जास्त) फक्त पिक आपल्याकडे असेल तरच. हे इतकं उघड आहे की लिहायचीही गरज नसावी, पण दर हंगामात कुणीतरी दुसऱ्याच्या मालकीच्या पिकसाठी सामने हरत असतो.

ब्रुकलिनने २०२४ च्या उन्हाळ्यात क्रम बरोबर ठेवला. मिकाल ब्रिजेसला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवून पाच फर्स्ट घेतले, त्यांतले चार अनप्रोटेक्टेड. आणि त्याच वेळी ह्यूस्टनशी वेगळा व्यवहार करून फीनिक्सकडून आलेले पिक्स दिले, बदल्यात स्वतःचा २०२६ चा पिक परत मिळवला आणि २०२५ च्या पिकवरचा ह्यूस्टनचा स्वॅपचा (आपला पिक देऊन समोरच्याचा वरचा घेण्याचा) हक्क काढून घेतला. आपण हरणार हे ठरल्यावर आपल्याच पिकची किंमत सगळ्यात जास्त वाढते, आणि ती वाढ दिसायच्या आत तो परत घ्यावा लागतो. ब्रिजेस गेल्याची बातमी आधी फुटली असती तर ह्यूस्टनने दुप्पट मागितलं असतं, असं माझं मत आहे.

सावधान: हरणं म्हणजे पहिला पिक नव्हे. २०१९ पासूनच्या लॉटरी पद्धतीत, म्हणजे वरचे पिक ठरवणाऱ्या सोडतीत, तळाच्या तीन संघांना पहिल्या पिकची प्रत्येकी १४ टक्केच संधी असते, आणि सर्वांत तळाचा संघ पाचव्या क्रमांकावर घसरण्याची शक्यता ४७.९ टक्के असते. २०२३ आणि २०२४ मध्ये डेट्रॉइट, २०२५ मध्ये युटा, सलग तीन वर्षं सर्वांत तळाचा संघ पाचवाच राहिला. त्याच २०२५ मध्ये १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला पिक लागला. ब्रुकलिनही त्या वर्षी सहाव्या जागेवरून आठवर गेला. पहिल्या पिकवर सगळी योजना टांगू नका. पाचवा पिक मिळाला तरी टिकेल अशी योजना करा.

टप्पा ४: कोण विकायचा आणि कधी

खेळाडूंचे तीन गट करा: ठरलेल्या सालापर्यंत चालणारे, आत्ता विकायचे, आणि आधी किंमत वाढवून मग विकायचे. तिसऱ्या गटावर वेळ द्या. तिथे तुमचं कसब लागतं. दुखापतीतून परतलेला किंवा दुसऱ्या संघात बाकावर बसलेला २५-२६ वर्षांचा खेळाडू स्वस्तात आणा, रोज ३२ मिनिटं खेळवा आणि डिसेंबरच्या मध्यानंतर त्याची मागणी किती होते ते पाहा.

दुसऱ्या गटात वेळ हीच किंमत आहे. म्हापशाच्या बाजारात मानकुराद मोसमाच्या तोंडावर ज्या भावाने जातो त्या भावाने पावसाच्या तोंडावर जात नाही, आंबा तोच असला तरी. खेळाडूच्या बाबतीत मोसम म्हणजे उरलेली करारवर्षं. दोन किंवा अधिक वर्षं उरली असताना घेणाऱ्याला दोन-तीन प्लेऑफ मिळतात, म्हणून तो जास्त देतो. शेवटच्या वर्षाच्या जानेवारीत त्याला चार महिने मिळतात आणि नंतर खेळाडू निघून जायची भीती. टोरांटोने सियाकमला जानेवारी २०२४ मध्ये, कराराच्या शेवटच्या हंगामात, इंडियानाला पाठवलं. तीन फर्स्ट मिळाले, पण ते इंडियानाला तो पुन्हा सही करेल असा भरवसा असल्यामुळे. असा भरवसा देणारा खरेदीदार नेहमी सापडत नाही.

याच्या उलट टोक म्हणजे वॉशिंग्टन. २०२२ मध्ये ब्रॅडली बीलला त्यांनी मोठा करार दिला आणि सोबत नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे त्याच्या संमतीशिवाय ट्रेड न करण्याची अट. एका वर्षानंतर विकायची वेळ आली तेव्हा कुठे जायचं हे बील ठरवत होता. फीनिक्सकडून ख्रिस पॉल, लँड्री शॅमेट, दुसऱ्या फेरीचे पिक्स आणि स्वॅप मिळाले. थेट पहिल्या फेरीचा एकही पिक नाही. मॉक लीगमध्ये असा खेळाडू असलेला संघ घेताना हे पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

तपासणी: दुसऱ्या गटातल्या प्रत्येक नावापुढे विकायची शेवटची तारीख लिहिली आहे का?

टप्पा ५: परतावा मोजा

इथे घाई करू नका. रीबिल्ड याच टप्प्यावर जमतं किंवा हातचं जातं. मोजताना तीन प्रश्न, याच क्रमाने.

कुणाचा पिक? आज बलवान असलेल्या पण वय वाढत चाललेल्या संघाचा. २०१३ मध्ये ब्रुकलिनने केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्ससाठी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे फर्स्ट आणि २०१७ चा स्वॅप दिला. तेव्हा ब्रुकलिन जिंकायला निघालेला संघ होता, म्हणून ते पिक्स फेरीच्या शेवटी पडतील असं सगळ्यांनी धरलं. २०१६ चा तिसरा ठरला, त्यातून जेलन ब्राउन आला. २०१७ चा स्वॅप पहिला ठरला. बॉस्टनने तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा आणि आणखी एक भावी पिक घेतला, आणि तिसऱ्यावर जेसन टेटम.

कोणत्या सालचा? समोरचा संघ तुमचा तारा घेऊन पहिली दोन वर्षं चांगलाच खेळणार, म्हणून त्या दोन वर्षांचे पिक्स मधल्या-शेवटच्या जागी पडतात. युटाने जुलै २०२२ मध्ये गोबेअर मिनेसोटाला दिला. मिळालेला २०२३ चा पिक सोळावा पडला. खरी किंमत २०२७ आणि २०२९ मध्ये दडलेली आहे. म्हणून ‘पाच फर्स्ट’ म्हणून टाळ्या वाजवण्यापेक्षा त्यांतले किती तीन वर्षांपलीकडचे आहेत ते मोजा.

कोणत्या अटीवर? टॉप-५ प्रोटेक्टेड याचा अर्थ: तो संघ फार वाईट झाला तर पिक त्यांच्याकडेच राहील. नेमकं जेव्हा तुम्हाला तो हवा, तेव्हाच तो मिळणार नाही. २०२० मध्ये ओक्लाहोमा सिटीला फिलाडेल्फियाकडून २०२५ चा पिक मिळाला होता, टॉप-६ प्रोटेक्टेड. २०२४-२५ मध्ये फिलाडेल्फिया अनपेक्षितपणे २४-५८ वर कोसळला, पिक तिसरा पडला आणि फिलाडेल्फियाकडेच राहिला. दोन हलके प्रोटेक्टेड पिक्स की एक अनप्रोटेक्टेड, असा पर्याय आला तर मी एक अनप्रोटेक्टेड घेतो, आणि बिचकत नाही.

आता नियम. सात वर्षांच्या पलीकडचा पिक देता येत नाही. आणि लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या एकाही पिकशिवाय राहता येत नाही. क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पिक्स उधळले, त्यानंतर आलेला हा नियम. म्हणूनच मोठे व्यवहार एकाआड एक वर्षाचे दिसतात. गोबेअरसाठी २०२३, २०२५, २०२७, २०२९. युटाच्याच डोनोव्हन मिचेलसाठी क्लीव्हलंडकडून २०२५, २०२७, २०२९. मधली वर्षं रिकामी ठेवायची नाहीत म्हणून तिथे स्वॅप: गोबेअरमध्ये २०२६, मिचेलमध्ये २०२६ आणि २०२८. दोन्ही व्यवहार २०२२ चे, आणि २०२९ ही तेव्हाची शेवटची परवानगी असलेली सीमा. ब्रिजेसच्या २०२४ च्या व्यवहारात ती सीमा २०३१ होती, आणि निक्सचा २०३१ चा पिक त्यात आहेच.

स्वॅप मागायला विसरू नका. समोरच्याला तो फुकटासारखा वाटतो, कारण त्याचा पिक जात नाही, फक्त जागा बदलते. पण स्वॅप तुमचा संघ समोरच्यापेक्षा चांगला असेल तेव्हाच उपयोगी. म्हणून तो तुमच्या ठरलेल्या सालाच्या आसपासचा घ्या, रीबिल्डच्या तळाच्या वर्षांचा नको. तळाच्या वर्षी तुमचाच पिक वरचा असेल.

नुकताच ड्राफ्ट झालेला खेळाडूही परताव्यात मागा. तो आता पिक राहिलेला नसल्याने एकाआड एक वर्षाचा नियम त्याला लागत नाही. युटाला वॉकर केसलर असाच मिळाला, त्याच वर्षीच्या २२ व्या पिकवर निवडलेला. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, स्वस्त, आणि शेवटची दोन वर्षं संघाच्या ऑप्शनची असतात. करार संपला तरी तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट असतो, म्हणजे दुसऱ्याने दिलेला प्रस्ताव जुळवून मूळ संघ त्याला ठेवू शकतो. रीबिल्डमध्ये अशा करारापेक्षा चांगला करार नाही.

सावधान: दुसऱ्या फेरीचे चार पिक्स म्हणजे एक फर्स्ट, असा हिशेब कुणी मांडला तर बोलणं तिथेच थांबवा.

टप्पा ६: पगार जुळवा

कॅपखाली जागा असेल तर समोरचा पगार त्या जागेत थेट घेता येतो. जागा नसेल तर पगार जुळावे लागतात. पहिल्या एप्रनखालच्या संघाला पाठवलेल्या पगारापेक्षा थोडा जास्त घेता येतो. मोठ्या पगारांसाठी १२५ टक्के अधिक अडीच लाख डॉलर. पहिल्या एप्रनच्या वरच्या संघाला एक डॉलरही जास्त घेता येत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वरच्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा पगार आणता येत नाही, व्यवहारात रोख रक्कम देता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा त्याचा पहिल्या फेरीचा पिक गोठवला जातो.

रीबिल्डवाल्याला याचा फायदा असा: दुसऱ्या एप्रनवाल्यांना पगार कमी करायची घाई असते. चौथ्या पानावर अशांची नावं वेगळी काढा. पण त्यांच्याकडून पिक मागताना गोठवलेला पिक प्रस्तावात लिहू नका. हे प्रस्ताव मला सर्वांत जास्त परत पाठवावे लागतात.

तपासणी: व्यवहाराच्या दोन्ही बाजूंचा पगार स्वतः जोडा. समोरच्याने ‘बसतंय’ म्हटलं म्हणून पुढे जाऊ नका.

टप्पा ७: कॅपची जागा भाड्याने द्या

रीबिल्डच्या तळाच्या वर्षांत फ्री एजंट तुमच्याकडे येणार नाहीत. मग कॅपची जागा रिकामी का ठेवायची? दुसऱ्याला नकोसा करार आपल्याकडे घ्या आणि त्याबद्दल पिक आकारा.

जुलै २०१५ मध्ये सॅक्रामेंटोला फ्री एजंट घ्यायला जागा हवी होती. जीएम सॅम हिंकीच्या फिलाडेल्फियाने कार्ल लँड्री, जेसन थॉम्पसन आणि निक स्टॉस्कस यांना सामावून घेतलं, बदल्यात एक भावी फर्स्ट आणि दोन वर्षांचे स्वॅप. २०१७ मध्ये तो स्वॅप वापरून फिलाडेल्फिया पाचव्यावरून तिसऱ्यावर गेला. तोच तिसरा पिक पुढे बॉस्टनकडे टेटमसाठी गेला.

ओक्लाहोमा सिटीने अल हॉरफर्डच्या बाबतीत दोनदा भाडं घेतलं. २०२० मध्ये फिलाडेल्फियाचा नकोसा मोठा करार त्याच्यासकट घेतला, पिकही घेतला. जून २०२१ मध्ये त्याला बॉस्टनला दिलं आणि तिथून केम्बा वॉकरचा मोठा करार आणि सोळावा पिक घेतला. मग तो सोळावाही ह्यूस्टनला देऊन दोन भावी फर्स्ट. एका करारावर तीन व्यवहार झाले, आणि पिक्सचा ढीग वाढत गेला.

इथे दोन गोष्टी जपा. घेतलेला करार तुमच्या ठरलेल्या सालाआधी संपायला हवा. आणि पगाराची एकूण रक्कम कॅपच्या ९० टक्क्यांच्या खाली गेली तर लीग तुम्हाला लक्झरी टॅक्समधून जमलेल्या पैशांच्या वाटपातून वगळते. २०२५-२६ मध्ये ती खालची रेषा सुमारे १३.९२ कोटी डॉलर आहे. म्हणजे काही पगार घ्यावेच लागणार. मग भाडं घेऊनच घ्या.

टप्पा ८: बोलणी

एका खेळाडूसाठी किमान तीन संघांशी बोला. एकाशीच बोललात तर किंमत तो ठरवतो.

खेळाडूने एकच संघ मागितला तर? डेमियन लिलर्डने १ जुलै २०२३ ला ट्रेड मागितला आणि त्याला फक्त मियामी हवं होतं. पोर्टलंड थांबलं. सप्टेंबरच्या अखेरीस, आपल्याकडे चवथ होऊन गेल्यावर, व्यवहार झाला तो मिलवॉकीशी: ज्रू हॉलिडे, डिआंड्रे एटन, तुमानी कमारा, २०२९ चा अनप्रोटेक्टेड पिक, २०२८ आणि २०३० चे स्वॅप. आणि पोर्टलंड तिथे थांबलं नाही. हॉलिडे ३३ वर्षांचा होता, त्यांच्या सालात बसत नव्हता, म्हणून काही दिवसांतच त्याला बॉस्टनला पाठवून माल्कम ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स आणि आणखी दोन फर्स्ट घेतले. एका ताऱ्याचे दोन टप्प्यांत तीन फर्स्ट आणि दोन स्वॅप. परताव्यात आलेला चांगला पण वयस्क खेळाडू ठेवायचा मोह आवरा. तोही पुढचा व्यवहार आहे.

बोलताना आपली शेवटची तारीख कधीही सांगू नका. आणि आपल्या गटातल्या मित्राशी बोलतानाही प्रस्ताव लेखी द्या: खेळाडू, पिकचं साल, मूळ संघ, प्रोटेक्शन, अट न सुटल्यास काय. चहाच्या टेबलावर ‘एक फर्स्ट’ ठरतो आणि महिन्याने दोघांच्या डोक्यात दोन वेगळे फर्स्ट असतात. यावरून मैत्री तुटताना मी पाहिली आहे.

टप्पा ९: डेडलाइनची रात्र

दीड वाजेपर्यंत जागणार असाल तर संध्याकाळी सातच्या आत हे करून ठेवा.

रोस्टर मोजा. नियमित हंगामात १५ स्टँडर्ड करार आणि ३ टू-वे (दुय्यम लीगमध्येही खेळणाऱ्यांचे), त्यापेक्षा जास्त नाही. एकाच्या बदल्यात तीन खेळाडू येत असतील तर दोघांना सोडावं लागेल, आणि सोडलेल्याचा गॅरंटीड पगार तुमच्याच डोक्यावर राहतो.

प्रत्येक खेळाडूची ट्रेडबंदी तारीख पाहा. कराराची मोठी मुदतवाढ घेतलेल्या खेळाडूला सहा महिने हलवता येत नाही. हे नाव शेवटच्या तासात सापडतं आणि सगळा व्यवहार कोसळतो.

एक किमान किंमत लिहून ठेवा आणि रात्री एकनंतर ती खाली आणू नका. दमलेला माणूस पिक स्वस्तात देतो. विकला गेला नाही तर? करारात वर्ष उरलं असेल तर ड्राफ्टच्या आठवड्यात, जूनमध्ये, पुन्हा बाजार उघडतो आणि तेव्हा समोरच्यांकडे नेमका क्रमांक ठरलेले पिक्स असतात. करार संपत असेल तर मात्र किमान किंमत म्हणजे शून्यापेक्षा जे जास्त ते.

टप्पा १०: गोळा करणं थांबवा

हा टप्पा बहुतेक मॉक लीगमध्ये येतच नाही, कारण पिक्स जमवण्यातच मजा वाटू लागते. ब्रुकलिनने जून २०२५ मध्ये एकाच रात्रीत पहिल्या फेरीचे पाच खेळाडू निवडले. पाच रुकी (पहिल्या वर्षाचे खेळाडू) म्हणजे १५ पैकी पाच जागा, आणि मिनिटं सगळ्यांना पुरत नाहीत. मिनिटं न मिळालेल्या रुकीची किंमत दर महिन्याला घटते.

म्हणून ठरलेल्या सालाच्या दोन वर्षं आधी उलटा क्रम सुरू करा. दोन मधले पिक्स देऊन एक वरचा घ्या, किंवा शेवटचा पिक देऊन पुढच्या वर्षाचा घ्या, म्हणजे जागा मोकळी राहते. मग गरज पाहून खेळाडू घ्या. ओक्लाहोमा सिटीने जून २०२४ मध्ये २१ वर्षांचा जॉश गिडी देऊन ३० वर्षांचा अ‍ॅलेक्स कारुसो घेतला. पिक एकही दिला नाही. पुढच्या महिन्यात फ्री एजन्सीत आयझेया हार्टेनस्टाइन घेतला. पाच वर्षं तरुण खेळाडू जमवणाऱ्या संघाने तरुण देऊन वयस्क घेतला, कारण त्यांचं साल आलं होतं.

तपासणी: ठरलेल्या सालात कोणत्या तरुणांचे रुकी करार संपतात, ते पहिल्या पानावर पाहा. तिघांचे एकाच उन्हाळ्यात संपत असतील तर तिघांनाही मोठे करार देऊन दुसऱ्या एप्रनखाली राहणं जवळजवळ अशक्य होतं. त्यांतला एक कोण, हे आधीच्या जूनमध्ये ठरवा. रुकी कराराचं एक वर्ष शिल्लक असताना त्याची किंमत अजून पूर्ण मिळते.